घरच्या बागेत सातेरी नांदवायची तर

मधपेटी ठेवायची हौस अनेकांना असते. घरामागे शेवगा-पेरू असतात, गच्चीवर कुंड्या असतात, आणि चौकशी सुरू होते ती पेटीच्या किमतीपासून. किंमत सगळ्यात शेवटी विचारावी असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडची सातेरी मधमाशी पेटीत राहते ती स्वतःच्या मर्जीनं. चारा आटला, मुंग्या लागल्या, पेटी उन्हात तापली, कुणी सारखं झाकण काढून बघू लागलं, की राणीसकट अख्खी वसाहत एखाद्या दिवशी उठते आणि निघून जाते. मागे उरतात रिकाम्या फड्या, म्हणजे मेणाच्या बारीक घरांचे लोंबते पडदे. तेव्हा माशी पाळायची म्हणजे तिला इथून हलावंसं वाटू नये अशी तजवीज करायची. जागा कुठली, पेटी कशी, मध किती काढायचा, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळतात.

माशी कुठली?

उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या सज्जाला भलंमोठं पोळं लटकलेलं दिसतं, ते आग्या माशीचं. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं असतं, ते फुलोरी माशीचं. या दोघी उघड्यावर राहणाऱ्या, एकाच फडीचं पोळं बांधणाऱ्या. त्यांना पेटीत ठेवता येत नाही, आणि आग्याच्या तर वाटेलाही जाऊ नये. सातेरीला मात्र अंधार लागतो. झाडाची ढोली, जुनं वारूळ, दगडी बांधातली पोकळी अशी जागा हेरून ती आत एकाशेजारी एक समांतर फड्या बांधते. मधपेटी म्हणजे माणसानं तयार करून दिलेली ढोलीच, म्हणून सातेरी तिथे राहू शकते.

पेटीत राहणारी दुसरी माशी म्हणजे युरोपातून आणलेली मेलिफेरा. १९६०च्या दशकात ती उत्तर भारतात रुजली आणि आज देशातला बराचसा बाजारी मध तिचाच असतो. सातेरीची चांगली वसाहत वर्षाला ५ ते ८ किलो मध देते, मेलिफेरा २५-३० किलोही देते. हे आकडे ऐकून नवशिक्यांचं मन डळमळतं. पण मेलिफेराची वसाहत मोठी आणि भूकही मोठी. ती पाळणारे मधपाळ पेट्या ट्रकमध्ये चढवून मोहरी, सूर्यफूल, ओवा असा जिथे फुलोरा असेल तिथे नेत राहतात. एका बागेत ती बारमाही ठेवली तर तिला साखरेवरच पोसावं लागेल. शिवाय व्हरोआ नावाचा बारीक परजीवी कोळी तिच्या वसाहती पोखरतो. हा कोळी मुळात सातेरीच्या अंगावरचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासानं सातेरी त्याला ओळखून आहे. ती एकमेकींच्या अंगावरून त्याला वेचून काढते, मेलिफेराला ते तितकंसं जमत नाही. घरच्या बागेसाठी सातेरीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फक्त बाल्कनीच असेल, तर डंख नसलेल्या इवल्या माश्या पाहाव्यात. जुन्या भिंतीच्या फटीतून डिंक-मेणाची छोटी नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या तोंडाशी काळ्या बारीक माश्या बसलेल्या असतात, त्या या. मध मिळतो अगदी थोडा, पण डंखाची भीती नाही आणि कुंड्यांमधल्या फुलांचं परागीभवन होतं.

आधी चारा, मग पेटी

सातेरी चाऱ्यासाठी साधारण एक-दीड किलोमीटर जाते. म्हणजे तुमची बाग हा तिच्या शिवाराचा एक कोपरा झाला. बाकीचं शिवार म्हणजे शेजाऱ्यांची झाडं, रस्त्याकडेचे वृक्ष, पलीकडचा माळ, ओढ्याकाठची झुडपं. म्हणून पेटी आणण्याआधी घराभोवती पायी फिरून कुठल्या महिन्यात काय फुलतं, याची वही करा. फुलांकडून माशीला दोन गोष्टी हव्या असतात. मकरंद हे उडण्याचं, जगण्याचं इंधन, आणि पराग हे पिल्लांच्या वाढीचं अन्न. नुसता मकरंद असून परागकण नसतील तर राणी अंडी घालणं आवरतं घेते.

शेवगा हे या बाबतीत सोन्यासारखं झाड आहे. फुलतो लवकर आणि वर्षातून अनेकदा. नारळाचा मोहोर बाराही महिने चालू असतो, त्यामुळे कोकणातल्या आणि गोव्यातल्या नारळ-सुपारीच्या बागांना परागाची ददात नसते. देशावर करंज, चिंच, जांभूळ, बोर, शिरीष, निलगिरी, लिंबाच्या जातीची झाडं कामाला येतात. घाटमाथ्यावर मार्च ते मे या काळात जांभूळ, हिरडा, गेळा ओळीनं फुलतात. महाबळेश्वर परिसरात मधाचा धंदा पूर्वापार टिकला तो या जंगलामुळे, आणि तिथलंच मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

बागेत आपण काय भर घालू शकतो? तुळस आणि सब्जा भरपूर लावा, मंजिऱ्या लगेच खुडू नका. कोथिंबीर, बडीशेप, मेथीची दोन-चार रोपं फुलावर जाऊ द्या. कुंपणावर आइस्क्रीम वेल चढवा, तिच्यावर माश्यांची गर्दी असते. नर्सरीत मिळणारी भरगच्च पाकळ्यांची शोभेची फुलं मात्र माशीच्या फारशी उपयोगाची नाहीत, कारण त्या पाकळ्यांच्या सोसात मकरंद आणि पराग हरवलेले असतात.

माश्या आल्या की सगळ्या भाज्या दुप्पट लागतील, असं समजू नका. काकडी, कारलं, लाल भोपळा यांना फरक पडतो. लाल भोपळ्याचं फूल भल्या पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, त्यामुळे सकाळी लवकर येणारी माशी तिथे मोलाची. वांगी-टोमॅटोचं तंत्र वेगळं आहे. त्यांच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं आणि फूल धरून जोरात थरथरवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. ते काम भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या करतात. मधमाशीला ते येत नाही.

चारा तपासताना फवारणीचीही चौकशी करा. शेजारी द्राक्षं, कापूस किंवा डाळिंबाची बाग असेल तर औषध कधी मारतात ते विचारा आणि संध्याकाळी माश्या परतल्यावर मारा, अशी विनंती करा. शहरात डासांसाठी धुराची गाडी येते, तिची वेळ माहीत असू द्या.

पेटी आणि तिची जागा

आजची प्रत्येक पेटी एका निरीक्षणावर उभी आहे. १८५१ साली अमेरिकेतले पाद्री लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आलं, की दोन फड्यांमध्ये माश्या ये-जा करण्यापुरती ठरावीक फट मोकळी ठेवतात. फट त्याहून मोठी असली तर तिथे जादा फडी बांधून टाकतात. सातेरीला ही फट सात ते नऊ मिलिमीटरची लागते. माश्यांना फडी बांधायला पेटीत लाकडी चौकटी टांगतात. तेवढी जागा या चौकटींच्या भोवती अचूक सोडली, की फडी पेटीच्या भिंतीला चिकटत नाही. चौकट अलगद उचलता येते, पाहता येते, परत ठेवता येते. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळं कापून पिळणं, आणि त्यात पिल्लांचा बळी ठरलेला. म्हणून गावच्या सुताराकडून ‘अंदाजे’ पेटी करून घेऊ नका. सातेरीसाठी भारतीय मानकाप्रमाणे ‘ए’ प्रकारची पेटी मिळते, ती घ्या.

पेटीचे भाग थोडकेच. खाली तळपाट, त्याला दार. त्यावर पिल्लांची कोठी, हा राणीचा संसार. तिच्यावर कमी उंचीची मधकोठी. मग आतलं झाकण आणि पाऊस झेलणारं छप्पर. बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग लावा, आतून काहीही लावू नका.

जागा अशी निवडा की सकाळचं कोवळं ऊन दारावर पडेल आणि दुपारी झाडाची सावली येईल. दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असलं तर बरं. गच्चीवर ठेवायची असेल तर हिरव्या जाळीची सावली हवीच. पेटी दोन-अडीच फूट उंच चौपाईवर ठेवा आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवा, नाहीतर मुंग्या वसाहत हुसकावून लावतात. वाटीतलं पाणी आटू देऊ नका आणि डास होऊ नयेत म्हणून वरचेवर बदला. प्यायला पाणी वेगळं, पसरट ताटलीत खडे टाकून. ते पहिल्या दिवसापासून ठेवा. एकदा माश्यांना शेजाऱ्यांच्या धुण्याच्या नळाची सवय लागली की ती मोडत नाही, आणि मग भांडणाला तोंड फुटतं.

वसाहत आणताना

ढोलीतलं पोळं आपणच काढून पेटीत भरू, हा विचार सुरुवातीला बाजूला ठेवा. ते कसबी माणसाचं काम आहे. फड्या कापून, केळीच्या सोपटानं चौकटीला बांधून, राणीला न दुखवता हलवावं लागतं. जवळच्या मधपाळाकडून भरलेली वसाहत घ्या, आणि शक्यतो आपल्याच भागातली, आपल्याच हवेत वाढलेली.

घेताना चौकटी काढून दाखवायला सांगा. पाच-सहा चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात. अंडी, अळ्या आणि मेणाच्या टोपणाखाली बंद झालेली पिल्लं हे तिन्ही टप्पे दिसावेत, आणि वरच्या कडेला थोडा तरी मध असावा. अळ्या सुकलेल्या, रंग बदललेल्या किंवा फुगून पाण्याच्या पिशवीसारख्या दिसल्या तर ती वसाहत घेऊ नका. थाई सॅकब्रूड या विषाणूनं १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या, त्याची ही खूण आहे. पेटी रात्री हलवा. सगळ्या माश्या आत आल्यावर दाराला जाळी लावायची आणि पहाटेच्या आत नव्या जागी ठेवून जाळी काढायची. त्यानंतर आठवडाभर झाकणाला हात लावू नका. नुसतं लांबून दार पाहा. पायांना पिवळे-केशरी परागाचे गोळे लावून माश्या आत शिरताना दिसल्या की समजावं, राणीनं अंडी घालायला घेतली आहेत.

दारापाशी बसून पाहण्यासारखं पुष्कळ असतं. उन्हाळ्यात दुपारी काही कामकरी माश्या डोकं बाहेरच्या बाजूला करून पंख हलवत उभ्या असतात आणि बाहेरची हवा आत ढकलतात. मेलिफेरा हेच काम उलट तोंड करून करते, ती आतली हवा बाहेर ओढते. पिल्लांच्या जागी तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राखण्यासाठी ही धडपड असते. गांधीलमाशी दाराशी घिरट्या घालू लागली की सातेरी एकत्र जमून अंग थरारवतात, आणि एखादी गांधीलमाशी तावडीत सापडलीच तर तिच्याभोवती गोळा करून नुसत्या अंगाच्या उष्णतेनं तिला मारतात.

झाकण कधी उघडायचं, आत काय बघायचं

हंगामात पंधरा दिवसांतून एकदा पुरे. कोरडी हवा, स्वच्छ ऊन, सकाळी नऊ ते अकराची वेळ. बुरखा घाला, फिके सुती कपडे घाला, अत्तर लावू नका. धूर द्यायचा तो नारळाच्या शेंडीचा आणि अगदी थोडा. धुरानं दोन गोष्टी होतात. धोक्याची सूचना देणारा माश्यांचा गंध झाकला जातो, आणि घर सोडावं लागेल या धास्तीनं त्या पोटभर मध पिऊन शांत होतात. पेटीच्या दारासमोर उभं राहू नका, मागे किंवा बाजूला उभं राहा.

चौकट सरळ उभी वर उचला. नवी फडी उन्हात आडवी धरली तर मेण मऊ होऊन तुटते. ऊन आपल्या पाठीवरून फडीवर पडेल असं उभं राहून एकेका घराच्या तळाशी बघा. अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं, पांढरं, तळाला टेकून उभं असतं. ते दिसलं की राणीला शोधत बसायची गरज नाही, कारण अंड्याची अळी तीन दिवसांत होते. म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती. एका घरात एकच अंडं हवं. दोन-तीन अंडी, तीही घराच्या भिंतींना चिकटलेली दिसली, तर राणी जाऊन बरेच दिवस झाले आहेत आणि कामकरी माश्याच अंडी घालत सुटल्या आहेत. त्यातून फक्त नर निपजतात आणि वसाहत संपते.

निरोगी फडीवर मध्यभागी बंद पिल्लं, भोवती परागाची कमान आणि वर मध अशी मांडणी दिसते. नरांची घरं उंचवट्याची असतात, आणि सातेरीत त्यांच्या टोपणाला मधोमध बारीक छिद्र असतं. नवशिके ते पाहून रोग पडला म्हणून घाबरतात, पण ते तसंच असतं. फडीच्या खालच्या कडेला लोंबती लांबट घरं दिसली तर ती राणीघरं. वसाहत भरून आली आहे आणि जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन लवकरच बाहेर पडणार, असा त्याचा अर्थ. तेव्हा दुसरी पेटी तयार ठेवून वसाहतीचं विभाजन करून घ्यावं.

मेणपतंगाकडे मात्र काटेकोरपणे बघा. तो रिकाम्या फड्यांत अंडी घालतो, अळ्या मेण पोखरत जाळी विणत जातात, आणि सातेरी कंटाळून घर सोडते. जेवढ्या फड्या माश्यांनी झाकल्या आहेत तेवढ्याच आत ठेवा, काळ्या पडलेल्या जुन्या काढून टाका, तळपाट दर वेळी खरवडून पुसा. एवढ्यानं हा शत्रू बराचसा आटोक्यात राहतो.

जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. पावसात फुलं कमी आणि बाहेर पडणंही कठीण. मधकोठी काढून ठेवा, दार लहान करा, आणि साखर-पाणी समसमान घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. पाक बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात, तेव्हा सांडला की लगेच धुऊन टाका.

मध आणि डंख

मध काढायचा तो फक्त मधकोठीतला. पिल्लांच्या कोठीतला मध त्यांचा आहे, आणि तो काढला की त्यांना राहायचं कारण उरत नाही. फडीवरची निदान तीनचतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्याशिवाय हात लावू नका. उघड्या घरातल्या मधात पाणी जास्त असतं आणि तो आंबतो. मधात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत असावं असा आपल्याकडचा दंडक आहे. टोपणं सुरीनं काढून चौकटी मधयंत्रात फिरवल्या की मध बाहेर पडतो आणि फडी शाबूत राहते. ती परत दिली म्हणजे माश्यांचं मेण बांधण्याचं कष्टाचं काम वाचतं. मध मलमलीतून गाळून काचेच्या बरणीत भरा, उकळू नका. थंडीत रवाळ झाला तर भेसळ समजू नका, काही फुलांचा मध तसाच होतो. आणि हे आवर्जून सांगते: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आपल्याकडे ती रीत असली तरी मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

डंख कधीतरी बसणारच. काटा नखानं लगेच खरवडून काढा आणि तिथून दूर व्हा, कारण डंखासोबत सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास इतर माश्यांना बोलावतो. जागा सुजणं, खाजणं साहजिक आहे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. घरात कुणाला अशी ॲलर्जी असेल तर पेटी ठेवूच नका. शेजाऱ्यांशी आधी बोला. दारासमोर सहा फूट उंचीचं कुंपण किंवा जाळी असली की माश्या वर उडून जातात आणि कुणाच्या वाटेत येत नाहीत.

हे सगळं वाचून येत नाही, चौकट हातात धरूनच येतं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि मंडळाची मध केंद्र योजनाही आहे. तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा. पावसाळ्यात शिकून घ्या आणि दसऱ्यानंतर, फुलोरा सुरू होताना, वसाहत आणा. परवडत असेल तर एकाऐवजी दोन आणा. एकीची राणी गेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची एक चौकट, माश्या झटकून, तिच्यात ठेवता येते. कामकरी माश्या त्यातल्या एखाद्या अळीला शाही अन्न भरवून दोनेक आठवड्यांत नवी राणी उभी करतात. एकच वसाहत असेल तर ती चौकट आणणार कुठून?